स्पीच थेरपीच्या पहिल्या क्लिनिकल पोस्टिंगमध्ये या चुका टाळा

बीएएसएलपीच्या (श्रवण व वाचा-भाषा उपचारांच्या पदवी अभ्यासक्रमाच्या) विद्यार्थ्याला सुरुवातीला थेरपी रूममध्ये बसवले जाते ते निरीक्षणासाठी, आणि नेमके तेच काम त्याला सर्वांत कमी महत्त्वाचे वाटते. वन-वे मिररमागे किंवा खोलीच्या कोपऱ्यात वही घेऊन बसणे म्हणजे तास भरणे, खरे शिक्षण स्वतःची केस मिळाल्यावरच सुरू होणार, असा समज करून आलेले विद्यार्थी दरवर्षी भेटतात. त्यांच्या वह्यांतील चुकाही दरवर्षी त्याच असतात. त्यांपैकी बऱ्याच चुका सरावाने निघून जातात. दोन मात्र सहसा जात नाहीत आणि पदवीनंतरही थेरपिस्टच्या कामात दिसत राहतात. म्हणून त्या दोहोंविषयी सविस्तर लिहीत आहे.

निरीक्षणाच्या जागी निष्कर्ष लिहिणे

‘मूल हट्टी आहे.’ ‘लक्ष देत नाही.’ ‘सर्व समजते, फक्त बोलत नाही.’ विद्यार्थ्यांच्या वह्यांत ही तीन वाक्ये मी सर्वाधिक वेळा खोडलेली आहेत. यांपैकी एकही निरीक्षण नाही. तो विद्यार्थ्याने दिलेला निकाल आहे. ‘चित्रांचे पुस्तक पुढे ठेवल्यावर मुलाने ते दोनदा ढकलले, तिसऱ्यांदा खुर्चीवरून उतरून तो दाराकडे गेला’ हे निरीक्षण आहे. या वाक्यावरून पुस्तक कठीण असेल, मुलाला शू लागली असेल किंवा आई बाहेर बसली असेल, अशा शक्यता तपासता येतात. ‘हट्टी’ या शब्दावरून पुढे काहीच तपासता येत नाही.

तिसरे वाक्य तर धोक्याचे आहे. दुसऱ्या एका केंद्रातून आमच्याकडे आलेल्या साडेतीन वर्षांच्या मुलाच्या फाइलमध्ये ‘आकलन वयानुरूप, आज्ञापालन 80 टक्के’ अशी नोंद होती आणि त्या आधारावर कित्येक महिने ‘बैठक व लक्ष वाढवणे’ हेच ध्येय ठेवून थेरपी चालली होती. आमच्या विद्यार्थिनीनेही पहिल्या दिवशी तसेच लिहून आणले, कारण मुलाने तिच्यासमोर ‘बॉल दे’, ‘दार लाव’, ‘इकडे ये’ हे सारे केले होते. रेकॉर्डिंग पुन्हा पाहिले तेव्हा दिसले ते असे : ‘बॉल दे’ म्हणताना आईचा हात पुढे होत होता, ‘दार लाव’ म्हणताना तिची मान दाराकडे वळत होती आणि ‘इकडे ये’ म्हणताना तिने मांडीवर थाप मारली होती. मूल शब्द ऐकत नव्हते, आईला वाचत होते, आणि तेही विलक्षण हुशारीने. पुढच्या वेळी आईला हात मांडीवर ठेवून खाली पाहायला सांगितले आणि आपण होऊन कोणी करणार नाही अशा सूचना दिल्या, जसे की ‘चमचा बुटात ठेव’. मुलगा प्रत्येक वेळी चेहऱ्यांकडे पाहत राहिला.

दार आपटले की तो वळत असे, हाक मारली की पाहत असे. त्यामुळे घरच्यांनाही ऐकू येण्याविषयी शंका नव्हती आणि श्रवणचाचणी कोणी मागितलीच नव्हती. प्ले ऑडिओमेट्रीत, म्हणजे खेळातून घेतलेल्या श्रवणचाचणीत, खालच्या वारंवारतांचे श्रवण जवळजवळ ठीक निघाले, वरच्या वारंवारतांना मात्र दोन्ही कानांत मोठी घट होती. अशा कानाला दाराचा आवाज आणि हाकेतला स्वर पोचतो. ‘स’, ‘श’, ‘फ’ यांसारखी व्यंजने पोचत नाहीत आणि बोललेले वाक्य म्हणजे अर्धवट गुणगुण उरते. एवढे महिने लक्ष वाढवण्याचा सराव ज्या मुलाकडून करून घेतला गेला, त्याला आधी श्रवणयंत्रांची गरज होती. फाइलमध्ये ऑडिओग्राम (श्रवणचाचणीचा आलेख) नसेल तर भाषेविषयी कोणतेही मत मांडू नये, हे पहिल्याच व्याख्यानात सांगितलेले असते. तरी घाई झालेल्या विद्यार्थ्याला केस हिस्ट्रीतले ‘ऐकू चांगले येते’ हे पालकांचे वाक्यच चाचणीइतके पुरेसे वाटते.

यावर माझी सवय सांगतो. वहीच्या पानावर उभी रेघ मारावी. डावीकडे घड्याळातील वेळ आणि जे दिसले-ऐकले तेवढेच लिहावे. उजवीकडचा अर्थाचा रकाना सत्र संपेपर्यंत कोरा ठेवावा. पहिले काही दिवस तर मी उजवा रकाना भरूच देत नाही, आणि त्यावरून होणारी कुरकुर मला ठाऊक आहे. प्रत्येक प्रतिसादासमोर तो कोणत्या मदतीने आला हेही नोंदवावे : स्वतंत्रपणे, हावभावाने, नमुना ऐकून की हात धरून. मदतीचा उल्लेख नसलेल्या टक्केवारीला अर्थ नसतो. पाच प्रयत्नांतून चार बरोबर आले असतील तर ‘5 पैकी 4’ असेच लिहावे. ‘80 टक्के’ लिहिले की पाच प्रयत्नांना उगाच पन्नासांचे वजन येते.

शांतता सहन न होणे

दुसरी चूक स्वतः सत्र घ्यायला लागल्यावर दिसते. विद्यार्थी विचारतो, ‘हे काय आहे?’ आणि मूल तोंड उघडण्यापूर्वी पुन्हा विचारतो, ‘सांग, काय आहे हे? गाय आहे ना? म्हण, गाय.’ रेकॉर्डिंगवर स्टॉपवॉच लावून पाहिले तर पहिल्या आणि दुसऱ्या प्रश्नामधले अंतर बहुतेक वेळा दोन सेकंदही भरत नाही. ज्या मुलाला शब्द शोधून, उच्चाराची जुळवाजुळव करून बोलायचे आहे, त्याच्यासमोर तोवर नवा प्रश्न येऊन पडलेला असतो आणि आधीची सारी मेहनत वाया जाते. वहीत मात्र नोंद होते, ‘प्रतिसाद नाही’.

अफेजिया (मेंदूला इजा झाल्याने भाषेत येणारी अडचण) झालेल्या प्रौढ व्यक्तीच्या बाबतीत हे अधिक अपमानकारक ठरते. निवृत्त शिक्षक असलेले एक गृहस्थ आमच्याकडे येत. त्यांना शब्द सापडत, पण उशिरा. आणि त्यांच्यासमोर बसलेला उत्साही विद्यार्थी प्रत्येक शब्दाचे पहिले अक्षर लगेच पुरवत असे. सत्राच्या अखेरीस त्यांनी त्याच्या मनगटावर हात ठेवला आणि सावकाश म्हटले, ‘थांब. येतंय.’ त्या महिन्यातील त्यांचे ते सर्वांत स्पष्ट बोलणे होते. विद्यार्थ्याने त्याची नोंद केली नव्हती, कारण ते त्याच्या लेसन प्लॅनमध्ये नव्हते.

प्रश्न विचारल्यावर निदान पाच सेकंद, आणि अफेजियात दहापर्यंत, अपेक्षेने पाहत थांबावे. मनातल्या मनात आकडे मोजताना चेहऱ्यावर परीक्षकाचा भाव येतो, म्हणून मी विद्यार्थ्यांना बुटातल्या बुटात पायाची बोटे एकेक करून दाबायला सांगतो. सारी दाबून झाली की मगच मदत द्यायची, तीही सर्वांत थोडी असेल ती आधी. यावर विद्यार्थी हसतात. हसून का होईना, थांबतात. अडखळत बोलणाऱ्या व्यक्तीचे वाक्य आपण पूर्ण करायचे नाही, हाही याच सवयीचा भाग आहे.

इतर चुका

बोलीला दोष समजू नये. अनेक घरांत ‘पाणी’ला ‘पानी’च म्हणतात; खानदेशात आणि वऱ्हाडात ‘डोळा’चा ‘डोया’ होतो. आईवडील कसे बोलतात ते ऐकल्याखेरीज मुलाच्या ‘ण’ आणि ‘ळ’वर फुली मारणाऱ्या विद्यार्थ्याने उच्चारचाचणीची पुस्तिका तूर्त बाजूला ठेवावी.

‘घरी फक्त इंग्रजीच बोला’ हा सल्ला कोणत्याही पालकाला देऊ नये. दोन-तीन भाषा कानावर पडल्याने भाषाविकार होत नाही. आजी मालवणीत गोष्ट सांगत असेल, तर ती बंद केल्याने मुलाच्या वाट्याची भाषा कमीच होते.

भाषेचा नमुना घेताना ‘हे काय?’ची सरबत्ती केली, तर एकेका शब्दाचीच उत्तरे मिळतात आणि मग मूल एकशब्दी आहे असा अहवाल तयार होतो. खेळ मांडावा, स्वतः कमी बोलावे आणि निदान 50 उद्गार गोळा करावेत. उद्गारांची सरासरी लांबी काढताना शब्द मोजले की रूपिमे (शब्दातले अर्थ असलेले सर्वांत लहान घटक), हे वर लिहावे. ‘जेवलो’ एवढ्या एका शब्दात कर्ता, लिंग, वचन आणि काळ सारे असते, आणि इंग्रजीसाठी बसवलेले आकडे मराठी मुलाला लावून त्याला मागे ठरवणे हा निव्वळ आळस आहे.

रुग्णाच्या होकारार्थी मानेवर विसंबू नये. अफेजियाची व्यक्ती सौजन्याने प्रत्येक प्रश्नाला मान हलवू शकते. म्हणून ज्याचे उत्तर ‘नाही’ आहे असे प्रश्नही मिसळावेत.

मेणबत्ती विझवणे, शिट्टी फुंकणे, जिभेने मध चाटणे यांनी ‘र’ किंवा ‘स’ येत नाही. टाळूच्या फटीची शस्त्रक्रिया झालेल्या मुलाचा आवाज नाकातून येत असेल, तर तोही फुंकण्याने सुधारत नाही. ध्वनीचा सराव ध्वनीतच करावा लागतो. मोबाइलवरील दीड मिनिटाच्या व्हिडिओतून उचललेले हे व्यायाम विद्यार्थ्यांना प्रिय असतात, कारण त्यांत मूल हसते, पालक खूश होतात आणि कोणालाही काही मोजावे लागत नाही.

गिळण्याचा त्रास असलेल्या रुग्णाला सुपरवायझर समोर नसताना घोटभर पाणीही देऊ नये. ‘ठसका लागला नाही’ हा पुरावा होत नाही. ठसका न लागताही पाणी श्वासमार्गात जाऊ शकते.

‘माझं मूल बोलेल ना?’ या प्रश्नाला तारीख देऊ नये. ‘सुपरवायझरशी बोलून सांगतो’ हे उत्तर कमीपणाचे नाही. मुलाचा फोटो स्टेटसवर ठेवू नये, चेहरा झाकूनही नाही. रेकॉर्डिंगसाठी दिलेली लेखी संमती शिकण्यापुरती असते.

‘व्हेरी गुड’चा मारा थांबवावा. मुलाने ‘दूध’ म्हटले तर दूध द्यावे. ती पुरेशी शाबासकी आहे.

फाइलमधील नोंद त्याच दिवशी लिहावी, रविवारी बसून आठवडाभराची लिहू नये. एकाच शाईत, एकाच सुरात लिहिलेली पाच सत्रे तपासणाऱ्याला दुरून ओळखू येतात. चूक झाली तर एक आडवी रेघ मारून शेजारी तारीख व सही करावी, पांढरी शाई फासू नये. विद्यार्थ्याने लिहिलेला अहवाल 1992 च्या पुनर्वास परिषद कायद्याखाली नोंदणी झालेल्या व्यावसायिकाच्या सहीने आणि नोंदणी क्रमांकानेच बाहेर जातो. त्यामुळे सही मागायला येताना अहवालासोबत मूळ वहीही आणावी, डाव्या रकान्यासह.