छाया, अंतरा की तांबी? निवडताना आणि घेताना

छाया ही गोळी, अंतरा हे इंजेक्शन आणि तांबी (कॉपर-टी) गर्भाशयात बसवायची; तिन्ही दिवस राहू नयेत म्हणून. आधी एवढंच ठरवा, पुढचं मूल किती वर्षांनी हवंय.

पाच-दहा वर्षं नको असेल तर तांबी. तिचे दोन प्रकार: ‘३७५’ पाच वर्षं चालते, ‘३८० ए’ दहा. बाळंतपणानंतर ४८ तासांच्या आत दवाखान्यातच बसवून मिळते. ती वर सरकून छातीत जाते, हे निव्वळ खोटं आहे. अंतराचं इंजेक्शन दर तीन महिन्यांनी; पण ते थांबवल्यावर दिवस राहायला सात ते दहा महिने लागू शकतात, म्हणून लवकर मूल हवं असेल तर घेऊच नका. माला-एन ही गोळी रोज घ्यायची. अंगावर पाजत असाल तर पहिले सहा महिने नाही. निरोध कशाहीसोबत वापरा, लैंगिक आजारांपासून तोच वाचवतो.

सरकारी दवाखान्यात हे सगळं मोफत आहे. गोळ्या, निरोध आशाताईंकडेही मिळतात. यातल्या कशालाच नवऱ्याची सही लागत नाही. कुणी मागितली तर देऊ नका, वैद्यकीय अधिकाऱ्यांना भेटा.

आता छाया. माझी चूक इथेच झाली, आणि अजून कितीजणींना तीच चूक करताना बघते. मी पाळी आली की गोळी थांबवायचे. छाया अशी मधे थांबवायची नाही. पहिली गोळी पाळीच्या पहिल्या दिवशी घ्यायची. तो रविवार असेल तर पुढचे तीन महिने दर रविवारी आणि बुधवारी एकेक. चौथ्या महिन्यापासून फक्त रविवारी. मधे पाळी येवो, न येवो, वार बदलायचा नाही. पहिल्याच दिवशी कॅलेंडरवर तिन्ही महिन्यांच्या वारांना गोल करून ठेवा. "आठवड्याला एक गोळी" एवढंच सांगून पाकीट हातात देणाऱ्यांचा मला खरंच राग येतो, कारण मग ते पहिले तीन महिनेच चुकतात.

गोळी राहिली तर आठवेल तेव्हा लगेच घ्या आणि पुढची पाळी येईपर्यंत निरोध वापरा. सात दिवसांहून जास्त उलटले असतील तर पुन्हा पहिल्यापासून, आठवड्याला दोन.

छायाने पाळी लांबते, अंगावर कमी जातं. त्यात हार्मोन नाहीत, पाजणाऱ्या आईला चालते. तारीख पंधरा दिवसांहून पुढे गेली तर मात्र लघवीची तपासणी करून घ्या. कावीळ, अंडाशयात गाठी (पीसीओडी) किंवा गर्भाशयाच्या तोंडाचा त्रास असेल तर गोळी सुरू करण्याआधीच डॉक्टरांना सांगा.