पोत्यावरचं क्रूड प्रोटीन आणि जनावराच्या पोटातलं प्रोटीन

पदवी संपवून अमेरिकेत नेब्रास्काला बीफ कॅटलचं, म्हणजे मांसासाठी पाळलेल्या गुरांचं, पोषण शिकायला येताय? मग हे आधी वाचा.

क्रूड प्रोटीन म्हणजे नायट्रोजन गुणिले 6.25, हे परीक्षेत सगळेच लिहितात आणि रेशन, म्हणजे जनावराच्या खाद्याचं मिश्रण, बांधायला बसलं की विसरतात. युरियात 46 टक्के नायट्रोजन असतो. हिशेबाने क्रूड प्रोटीन 280 टक्क्यांच्या वर जातं, पण खरं प्रोटीन त्यात औषधालाही नाही. रुमेनमधले, म्हणजे पोटाच्या पहिल्या कप्प्यातले, जिवाणू युरियापासून होणाऱ्या अमोनियातून स्वतःचं प्रोटीन घडवतात, मात्र त्याच वेळी त्यांना स्टार्चही मिळायला हवा. नुसत्या मक्याच्या धाटांवरच्या वासरांना युरिया दिला तर तो बराचसा लघवीवाटे जातो. प्रमाण फारच चुकलं तर जनावर दगावतं.

कितीतरी दिवस मीही इथेच अडकून पडले होते, म्हणून पुन्हा सांगते. सोयाबीन पेंडीचं प्रोटीन बहुतांश रुमेनमध्येच फुटतं. इथेनॉल कारखान्यातून येणाऱ्या मक्याच्या चोथ्याचं, म्हणजे डिस्टिलर्स ग्रेनचं, निम्म्याहून जास्त तसंच पुढे आतड्यात पोचतं, आणि वाढत्या वासरांना नेमकं तेच लागतं. उलट कत्तलीआधीच्या शेवटच्या टप्प्यातल्या, मक्यावर असलेल्या बैलांत जिवाणूच नायट्रोजनसाठी उपाशी राहतात. तिथे युरिया स्वस्त आणि योग्य. क्रूड प्रोटीन 13 टक्के दोन्हीकडे, तरी काम वेगळं.

डिस्टिलर्स ग्रेन मुठीत घेऊन वास घ्या. काळपट, करपलेलं असेल तर जास्त तापलंय. त्यातलं काही प्रोटीन साखरेशी असं बांधलं गेलेलं असतं की जनावराला पचत नाही, पण प्रयोगशाळा त्यातला नायट्रोजन मोजतेच. सॉफ्टवेअरला हा वास येत नाही. गाईड निवडताना पहाटे गव्हाणी बघायला स्वतः जाणारा निवडा, मग त्याचे पेपर कमी का असेनात.

पहिल्या सत्रात आपल्याला काहीच येत नाही असं वाटेल. घाबरू नका. सरकी पेंड आणि कडबा बघत वाढलेल्याला रवंथ करणारं जनावर कळतं.

मांसाबद्दल थोडक्यात. जास्त प्रोटीन दिलं म्हणून मार्बलिंग, म्हणजे मांसातली चरबीची नक्षी, वाढत नाही. ते जनावराची जात, खाद्यातली ऊर्जा आणि खाद्यावरचे दिवस ठरवतात. डिस्टिलर्स ग्रेनचा परिणाम दिसतो तो रंगावर: त्यातल्या मक्याच्या तेलामुळे मांसात असंतृप्त चरबी वाढते आणि दुकानात ते लवकर तपकिरी पडतं. व्हिटॅमिन ई दिल्यास हे बरंच आटोक्यात राहतं. त्यातल्या गंधकाकडेही लक्ष ठेवा, जास्त झाल्यास मेंदूचा आजार होतो. हिशेब करताना पिण्याच्या पाण्यातलं गंधकही धरा.