टायर बदलायला जाताय? आधी तारीख बघा

पावसाळ्याआधी टायर बदलणार असाल तर दुकानदार दाखवेल तो घेऊन मोकळं होऊ नका. ड्रायव्हरचं दार उघडलं की खांबावर स्टिकर असतो, बऱ्याच गाड्यांमध्ये त्यावरच साइज आणि हवेचं प्रेशर लिहिलेलं असतं, त्याचा फोटो काढून न्या. समजा १८५/६५ आर१५ ८८एच असेल तर ८८ म्हणजे एक टायर ५६० किलो वजन पेलतो आणि एच म्हणजे ताशी २१० किमीपर्यंत चालतो. आता तुम्ही कुठे २१० ने पळवणार, पण ८८ च्या खाली अजिबात जाऊ नका, गणपतीला पाच माणसं आणि डिकी भरून कोकणात जायचं असतं ना!

मग टायरच्या बाजूला डॉट (DOT) लिहिलेल्या कोडचे शेवटचे ४ आकडे बघा, २३२४ म्हणजे टायर २०२४ च्या २३व्या आठवड्यात बनला. माल जुना निघाला तर सरळ दुसरा मागा, लाजायचं काय त्यात.

दोनच घेणार असाल तर नवीन मागे लावा, गाडी पुढच्या चाकांवर चालणारी असली तरी, कारण ओल्या रस्त्यावर मागची चाकं सरकली की गाडी गरकन फिरते आणि सावरता येत नाही. बिलात अलाइनमेंट (चाकांची दिशा सरळ करणं), बॅलन्सिंग (चाकाचं वजन सगळीकडे सारखं करणं) धरलंय का तेही आधीच विचारा.