तीन एकर वावर, एक ग्रीन

नागपूरजवळच्या कळमेश्वरच्या वाटेवर आमचं तीन एकर वावर आहे. संत्र्याची झाडं म्हातारी झाली तेव्हा काढून टाकली आणि जमीन दोन वर्षं तशीच पडून राहिली. माझे सासरे कामठीच्या छावणीत नोकरीला असताना गोल्फ शिकले. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर त्यांना अठरा होलचं, म्हणजे पूर्ण मैदानाचं, चालणं झेपेना. त्यांच्यासाठी, म्हणजे मामाजींसाठी, बारा वर्षांच्या लेकीसाठी आणि जोरात मारणाऱ्या पुतण्यासाठी मी त्या वावरात एक ग्रीन केलं, म्हणजे झेंडा आणि चेंडू घालायचं भोक असलेली बारीक गवताची जागा, आणि त्याच्याकडे खेळायला तीन दिशांना तीन टी, म्हणजे पहिला फटका मारायच्या जागा. तुमच्याकडेही गावाबाहेर अशी जमीन असेल, तर आम्ही कसं केलं ते सांगते.

सगळी आखणी मी डॉ. ॲलिस्टर मॅकेन्झी यांच्या तत्त्वांवर केली. हे पेशानं डॉक्टर. दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात त्यांनी पाहिलं की शत्रूचे खंदक जमिनीच्या नैसर्गिक वळणात इतके मिसळलेले असतात की समोर असूनही दिसत नाहीत. पुढे ते गोल्फची मैदानं आखू लागले आणि तीच नजर तिथे वापरली. १९२० साली त्यांनी आपली १३ तत्त्वं छापली. नामवंत गोल्फपटू बॉबी जोन्ससोबत अमेरिकेतलं ऑगस्टाचं मैदान त्यांनीच आखलं. पण १९३४ च्या जानेवारीत ते गेले आणि तिथली पहिली मास्टर्स स्पर्धा त्यानंतर मार्चमध्ये झाली. त्यांच्या तत्त्वांपैकी मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे: दुबळ्या खेळाडूला नेहमी दुसरी वाट असावी. त्याला एखादा फटका जास्त लागेल, पण हा आपला खेळच नाही असं त्याला वाटता कामा नये.

पहिला पावसाळा काहीही खोदू नका. जुलैत जोराचा पाऊस सुरू असताना छत्री घेऊन वावरात उभे राहा आणि पाणी कुठून येतं, कुठे थांबतं, कुठून जातं ते बघा. जिथे थांबतं तिथे काठ्या रोवा. आमच्याकडे एक नाली कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत तिरपी वाहते. आधी ती बुजवायचा विचार होता, पण त्याच नालीनं आमचा खेळ घडवला. विहिरीजवळच्या टीपासून झेंडा ११० मीटरवर आहे. सरळ झेंड्याकडे मारायचं तर नाली ९५ मीटरवर ओलांडावी लागते. डावीकडून गेलात तर ५५ मीटरवरच ओलांडता येते, मग पुढे एक छोटा फटका लागतो. पुतण्या सरळ जातो, मामाजी डावीकडून. लेक कडुनिंबाखालच्या ६५ मीटरच्या टीवरून खेळते. तिसरा टी फाटकाजवळ, ८५ मीटरवर. तिन्ही टी एकाच ग्रीनकडे रोखलेले असल्यानं एका वेळी एकाच टीवरून खेळायचं, हा नियम पक्का ठेवा.

जागा ठरली की फक्कीनं आखा आणि आठवडाभर तसंच राहू द्या. सकाळी, दुपारी, मावळतीला बघा. आम्ही ग्रीन दोनदा सरकवलं.

आता काळी माती. आपल्या भागातली ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. तिच्यावर थेट ग्रीन केलं तर वर्षभरात ते लाटांसारखं होतं. म्हणून फेब्रुवारी ते मे या महिन्यांत खड्डा करा. तळ नालीकडे उतरता ठेवा, त्यात भोकं पाडलेला पाइप टाका, वर चार इंच बारीक धुतलेली गिट्टी आणि त्यावर फूटभर रेती. आमचं ग्रीन १२ बाय १५ मीटरचं लंबगोल, म्हणजे सुमारे १४० चौरस मीटर. त्याला साधारण १५ ब्रास रेती आणि ५ ब्रास गिट्टी लागते. रेती कन्हान नदीची, जाडसर, चाळलेली आणि रीतसर पावतीची घ्या. वरच्या थरात मुरलेलं शेणखत थोडंच मिसळा. जास्त झालं की पाणी धरून ठेवतं.

उतार डोळ्यांनी ठरवू नका. गवंड्याकडे लेव्हलची पारदर्शक नळी असते, ती मागून आणा. मीटरला दोन सेंटिमीटर उतार पुष्कळ झाला. तीनच्या वर गेलात तर खाली येणारा चेंडू थांबत नाही. आमचं ग्रीन डावीकडे उघडं आहे, त्यामुळे लांबच्या वाटेनं येणाऱ्याला ते सामावून घेतं.

खोदलेल्या मातीतून मी ग्रीनमागे उंचवटा केला आणि तिथे चुकले. तो ट्रकमधून ओतलेल्या ढिगासारखा दिसत होता. मॅकेन्झींचा आग्रहच होता की माणसानं केलेलं निसर्गानं केल्यासारखं दिसावं. मग उंचवट्याची शेपटी लांबवत नेऊन जुन्या धुऱ्यात, म्हणजे बांधात, मिसळली. आता नवं माणूस विचारतं, हा धुरा पहिल्यापासूनच होता का? तेव्हा मला फार बरं वाटतं.

चेंडू अडवायला मैदानावर रेतीचा खड्डा असतो, तसा बंकर करू नका. काळ्या मातीत तो जुलै-ऑगस्टमध्ये डबकं होतो. त्याऐवजी उजवीकडे गवताचा उथळ खळगा ठेवा, तेवढी शिक्षा पुरते. चेंडू शोधत बसावं लागू नये, हेही त्यांचं तत्त्व आहे. गाजरगवत उपटा, आणि शेजारच्या वावरात तूर असेल त्या बाजूला फटका जाणार नाही अशी टीची दिशा ठेवा. डिसेंबरात तूर डोक्याएवढी होते; तिथे गेलेला चेंडू गेलाच.

गवत हरळीचंच. जूनच्या मध्यात पहिला चांगला पाऊस झाला की बारीक जातीच्या हरळीचे तुकडे लावा. दसऱ्यापर्यंत ती जमीन झाकते. ग्रीनवर सिलिंडर मोवर, म्हणजे गोल फिरणाऱ्या पात्यांचं गवत कापायचं यंत्र, वापरा आणि गवताची उंची हळूहळू आठ मिलिमीटरवर आणा. मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो, तेव्हा पहाटे साधारण ८०० लिटर पाणी लागतं. संध्याकाळी देऊ नका, रात्रभर ओल राहून बुरशी येते.

शेवटी कप, म्हणजे चेंडू घालायचं भोक. व्यास सव्वाचार इंच, खोली किमान चार इंच, आणि आतल्या डब्याची कड जमिनीखाली एक इंच. कडेपासून तीन-चार पावलं आत, भोवती हातभर सपाट जागा बघून कापा. दर रविवारी जागा बदला. आमच्याकडे ती मामाजी काठी टेकवून दाखवतात. नव्या जागेतून कापून निघालेली गवत-मातीची चकती जुन्या भोकात बसवायची, गवताच्या पातळीला हातानं दाबायची आणि वर तांब्याभर पाणी घालायचं.