सर्व्हरच्या सीरियल कन्सोलसाठी अडॅप्टर कसा तयार करावा

सर्व्हरचे नेटवर्क बंद पडले की आत शिरायला उरते ती सीरियल कन्सोलची, म्हणजे थेट केबल जोडून मजकुराने आज्ञा देण्याची वाट. सिस्कोच्या राउटरवर आणि सनच्या (२०१० पासून ओरॅकलच्या) अनेक सर्व्हरवर हा पोर्ट आरजे-४५ असतो. दिसायला इथरनेटसारखाच, पण आतून आरएस-२३२, म्हणजे जुन्या सीरियल पोर्टचे विद्युत मानक.

आरजे-४५ ते डीबी-९ (नऊ पिनांचा सीरियल जोड) असा, आठ वायरींच्या पिना सुट्या असलेला फीमेल अडॅप्टर, यूएसबी-सीरियल केबल, मल्टिमीटर आणि एक जुनी सरळ पॅच केबल घ्यावी. पॅच केबलचे एक टोक कापून वायरी सोलाव्यात. टी-५६८बी पद्धतीच्या केबलमध्ये पांढरी-हिरवी ही ३ नंबरची, निळी ४ नंबरची आणि हिरवी ६ नंबरची वायर असते.

ही केबल सर्व्हरला लावून, मीटरची काळी प्रोब निळीवर ठेवून डीसी व्होल्टेज पाहावे. पांढऱ्या-हिरवीवर साधारण उणे ५ ते उणे १२ व्होल्ट दिसले, तर सर्व्हर तिच्यावरून बोलतो आहे. अधिक ३.३ दिसल्यास तो टीटीएल, म्हणजे कमी व्होल्टेजवर चालणारा सीरियल पोर्ट आहे. त्याला आरएस-२३२ केबल जोडू नये, चिप जळू शकते.

आता केबल अडॅप्टरमध्ये खोचून मीटरच्या कंटिन्युइटी चाचणीने (दोन टोके जोडलेली आहेत का ते पाहून) प्रत्येक पिन ओळखावी, कारण अडॅप्टरच्या आतल्या वायरींचे रंग उत्पादकागणिक बदलतात. आरजे-४५ ची ३ नंबरची पिन डीबी-९ च्या २ मध्ये, ६ नंबरची ३ मध्ये आणि ४ नंबरची ५ मध्ये बसवावी. उरलेल्या पिनांवर टेप गुंडाळावा. हार्डवेअर फ्लो कंट्रोल (वेगळ्या वायरींवरून डेटा थांबवण्याचे-सोडण्याचे इशारे) नको असेल तर एवढ्या तीन वायरी पुरतात. डीबी-९ च्या भोकांशेजारचे आकडे फार बारीक असतात, तेव्हा पिन दाबण्यापूर्वी ते उजेडात वाचावेत. एकदा बसलेली पिन सहज निघत नाही.

अडॅप्टर यूएसबी केबलला जोडून, टर्मिनल प्रोग्रॅममध्ये पोर्ट उघडून, कापलेल्या टोकाकडील पांढरी-हिरवी आणि हिरवी एकमेकींना टेकवावी. टाइप केलेले अक्षर स्क्रीनवर परत उमटले, तर मार्ग सलग आहे. मात्र २ आणि ३ ची अदलाबदल झालेली असली तरी ही चाचणी पास होतेच. म्हणून वायरी सोडवून पुन्हा व्होल्टेज मोजावे: या वेळी उणे व्होल्टेज हिरवीवर दिसायला हवे. ते पांढऱ्या-हिरवीवरच आले, तर दोन्ही बाजू एकाच वायरवर बोलत आहेत.

शेवटी अखंड पॅच केबल लावून वेग ९६०० बॉड, ८ डेटा बिट, पॅरिटी नाही, १ स्टॉप बिट ठेवावे. काही नव्या सर्व्हरना ११५२०० लागते. मिनिकॉम या टर्मिनल प्रोग्रॅममध्ये हार्डवेअर फ्लो कंट्रोल बंद करायला विसरू नये, नाहीतर लॉगिन दिसते, पण कीबोर्ड मुका वाटतो.