नागपूरच्या इमारतीत थिन-फिल्म सौर काच बसवताना

थिन-फिल्म सौर काच, म्हणजे वीज बनवणाऱ्या पदार्थाचा पातळ थर असलेली काच, नेहमीच्या सौर पॅनेलसारखी गच्चीवर नंतर नेऊन ठेवता येत नाही. ती एसीपी (ॲल्युमिनियम कॉम्पोझिट पॅनेल) आवरणाची, पोर्चच्या छताची, स्कायलाइटची किंवा दोन मजल्यांमधील काचपट्टीची जागा घेते, त्यामुळे तिचा निर्णय आर्किटेक्टच्या पहिल्या नकाशातच व्हायला हवा.

सर्वप्रथम जागा ठरवावी. नागपूर सुमारे २१ अंश उत्तर अक्षांशावर असल्याने जूनमध्ये भरदुपारी सूर्य जवळपास डोक्यावर, किंबहुना किंचित उत्तरेकडे असतो, आणि ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या उभ्या भिंतीला थेट ऊन फारसे मिळत नाही; डिसेंबरात मात्र दुपारचा सूर्य सुमारे ४५ अंशांवर उतरतो व तीच भिंत उत्तम काम देते. वर्षभराच्या हिशेबात पोर्च, पार्किंगची शेड आणि स्कायलाइट हे आडवे किंवा थोड्या उताराचे भाग उभ्या भिंतींपेक्षा पुष्कळ सरस ठरतात. म्हणून खर्च मर्यादित असेल तर सुरुवात तेथूनच करावी, दर्शनी भिंतीचा मोह नंतर.

कॅडमियम टेल्युराइड या थिन-फिल्म पदार्थाची काच लेझरने रेषा कोरून हवी तितकी पारदर्शक करून मिळते, परंतु जितका प्रकाश आत घ्याल तितकी वीज कमी होणार, हे ग्राहकाला आधीच सांगावे. धातूच्या सपाट पत्र्यावर चिकटवण्यासाठी सीआयजीएस (तांबे, इंडियम, गॅलियम व सेलेनियम यांचे संयुग) या दुसऱ्या थिन-फिल्म पदार्थाच्या लवचीक पट्ट्या असतात. बुटीबोरी किंवा हिंगण्याच्या औद्योगिक शेडचा सांगाडा काचेचे वजन पेलणार नसेल तर त्यांचा विचार करावा. मात्र नागमोडी पत्र्यावर त्या नीट बसत नाहीत, आणि मागून हवा खेळत नसल्याने त्या अधिक तापतात.

उष्णतेचा मुद्दा विक्रेते फुगवून सांगतात. तापमान २५ अंशांच्या वर गेले की प्रत्येक अंशामागे कॅडमियम टेल्युराइडची क्षमता साधारण ०.३ टक्के घटते, तर नेहमीच्या सिलिकॉन पॅनेलची ०.३५ टक्के किंवा थोडी अधिक. मे महिन्यात पॅनेल ७० अंशांवर गेले तरी दोहोंतील फरक दोन-चार टक्क्यांचाच राहतो. भिंतीवर काच बसवताना मागे ७५ ते १०० मिलिमीटरची पोकळी ठेवून ती खाली-वर उघडी ठेवावी. त्यातून गरम हवा निघून जाते, म्हणून दोन-चार टक्क्यांच्या त्या फरकाइतकेच याही तपशिलाकडे लक्ष द्यावे.

सर्वाधिक काळजी सावलीची घ्यावी. थिन-फिल्मचे सेल लांब, अरुंद पट्ट्यांच्या रूपात एकमेकांना मालिकेत जोडलेले असतात. सावली सर्व पट्ट्यांना आडवी छेदत गेली तर झाकलेल्या भागापुरतीच वीज घटते, पण एखादी पट्टी पूर्ण लांबीभर झाकली गेली तर तिच्यातून विद्युतप्रवाहच जात नाही आणि अख्ख्या काचेचे उत्पादन कोलमडते. छज्ज्याची सावली आडवी पडत असल्याने त्याच्याखालील काचेत पट्ट्या उभ्या ठेवाव्यात, आणि ऑर्डरच्या ड्रॉइंगवर त्यांची दिशा बाणाने दाखवावी. अर्धी काच उन्हात व अर्धी सावलीत राहिली तर ताण येऊन ती तडकू शकते, म्हणून हीट-स्ट्रेंथन्ड (उष्णता देऊन मजबूत केलेली) काच मागावी.

मापे नकाशावरून नव्हे, तर गिलावा व ॲल्युमिनियमची चौकट पूर्ण झाल्यावर प्रत्यक्ष घ्यावीत, कारण ही लॅमिनेटेड (थर एकत्र चिकटवून बनवलेली) काच जागेवर कापता येत नाही. कोपऱ्यातल्या तिरक्या जागांसाठी त्याच रंगाची, वीज न देणारी काच त्याच ऑर्डरमध्ये मागवावी. नंतर रंगछटा जुळण्याची खात्री नसते. जंक्शन बॉक्स (केबल जोडण्याची डबी) कडेला बसणारा असावा, डीसी केबल चौकटीच्या पोकळीतून नेताना छिद्रांना रबरी ग्रोमेट (संरक्षक कड्या) लावावेत, आणि पावसाचे पाणी बाहेर पडण्याची वाट केबलच्या वाटेपासून वेगळी ठेवावी. कडेचे सिलिकॉन सीलंट काचेच्या उत्पादकाने मान्य केलेलेच वापरावे, कारण ओलावा आत शिरला की पातळ थर खराब होतो. तसेच एक काच काढताना शेजारच्या चार काढाव्या लागणार नाहीत अशी क्लॅम्पची रचना फॅब्रिकेटरकडून आधीच मंजूर करून घ्यावी.

प्रमाणपत्रांत आयईसी ६१२१५ व ६१७३० (सौर पॅनेलचा टिकाऊपणा व सुरक्षितता यांची आंतरराष्ट्रीय मानके) पाहावीत. नेट मीटरिंगसाठी (ग्रिडला दिलेली वीज बिलातून वजा होण्यासाठी) महावितरणकडे अर्ज करताना मंजूर भार (जोडणीसाठी मान्य झालेली वीजक्षमता) तपासून घ्यावा. कोराडी-खापरखेड्याच्या औष्णिक वीज केंद्रांच्या बाजूला धूळ अधिक बसत असल्याने उतार अगदी सपाट ठेवू नये आणि पाण्याचा नळ जवळ असावा. काचा गार असताना, म्हणजे पहाटेच, त्या धुवाव्यात.