ठिबकवरच्या पॉलिहाऊसमध्ये क्षार कुठे साठतात आणि बाहेर कसे काढायचे

ढोबळी मिरचीच्या बेडवर कडेला आणि दोन ड्रिपरच्या मधे पांढरट पापुद्रा दिसू लागला, की बहुतेक जण खत बदलून बघतात. आधी तो तिथेच का आला ते पाहा. ड्रिपरचं पाणी पसरताना विरघळलेले क्षार सोबत नेतं. ओल जिथे संपते तिथे पाण्याची वाफ होते, क्षार मागे राहतात. उघड्या रानात पावसाळ्यातले चार दमदार पाऊस ते खाली धुऊन नेतात. पॉलिहाऊसवर कागद असल्यामुळे ते काम आपल्यालाच करावं लागतं.

हिशेब मांडून बघा. १० गुंठे म्हणजे साधारण १,००० चौरस मीटर. पिकाला चौरस मीटरला रोज ३ लिटर धरले तर ३,००० लिटर. बोअरच्या पाण्याची ईसी (विद्युतवाहकता; पाण्यात क्षार किती ते दाखवते, एकक डेसीसायमन प्रति मीटर) १.२ असेल तर लिटरमागे पाऊण ग्रॅमच्या आसपास क्षार, म्हणजे रोज २.३ किलो. २०० दिवसांच्या पिकात साडेचार क्विंटल! काही झाड उचलतं, काहींचा चुना होऊन मातीत बसतो, पण वरून विद्राव्य खतंही रोज पडतच असतात. मिरची या बाबतीत नाजूक आहे: मुळांजवळच्या मातीच्या संपृक्त अर्काची (माती पाण्याने पूर्ण भिजवून तिच्यातून काढलेल्या पाण्याची) ईसी १.५ च्या वर गेली की उत्पादन घटायला लागतं. टोमॅटो आणि काकडी २.५ पर्यंत सोसतात.

मातीची तपासणी करताना एक चूक हमखास होते. सगळ्या बेडची माती एकत्र कालवून नमुना दिला की सरासरी येते आणि दुखणं झाकलं जातं. ड्रिपरखालची, दोन ड्रिपरच्या मधली आणि बेडच्या कडेची माती वेगवेगळी घ्या, ० ते १५ आणि १५ ते ३० सेंमी अशा दोन थरांत. घरी बघायचं तर १०० ग्रॅम वाळलेली माती २५० मिली डिस्टिल्ड पाण्यात अर्धा तास अधूनमधून ढवळा, निवळू द्या, वरच्या पाण्यात ईसी मीटर बुडवा. हा १:२.५ चा आकडा संपृक्त अर्कापेक्षा बराच कमी येतो, त्यामुळे वरच्या १.५ शी त्याची तुलना करू नका. इथे १ च्या वर गेला की सावध व्हा. कडेचा आकडा ड्रिपरखालच्यापेक्षा दुप्पट-तिप्पट निघाला तर पापुद्र्याचं उत्तर मिळालं.

पिकाची गरज भागवून वर थोडं पाणी मुळांखाली गेलं पाहिजे. ते किती, याचं सूत्र सोपं आहे: पाण्याची ईसी भागिले (५ गुणिले पिकाची सहनमर्यादा, वजा पाण्याची ईसी). वरच्या उदाहरणात मिरचीची मर्यादा १.५ धरून १.२ भागिले ६.३, म्हणजे एकूण सोडलेल्या पाण्याच्या १९ टक्के. ३,००० लिटरच्या जागी सुमारे ३,७०० सोडावे लागतील. रोज ७०० लिटर वाढवण्यापेक्षा आठवड्यातून एकदा, खताविना, ५,००० लिटरच्या आसपास जादा पाणी दोन-तीन हप्त्यांत सोडणं बरं. रोज खतासोबत जादा पाणी दिलं तर नत्रच आधी खाली जातं.

पण खाली जायला वाट हवी. बेडशेजारी ३० सेंमी खोल खड्डा करून पाण्याने भरा. दुसऱ्या दिवशीही पाणी उभं असेल तर धुणं विसरा, आधी चर किंवा सच्छिद्र पाईप टाकून निचरा करा. बोअरच्या पाण्यात आरएससी (कॅल्शियम-मॅग्नेशियमपेक्षा जास्तीचं कार्बोनेट-बायकार्बोनेट) जास्त असेल तर सोडियममुळे माती बसते आणि निचरा आणखी मंदावतो. तिथे जिप्सम लागतं: आरएससीच्या प्रत्येक एककाला (मिलिइक्विव्हॅलंट प्रति लिटर) हजार लिटरमागे ८६ ग्रॅम शुद्ध जिप्सम. ते ठिबकमधून सोडू नका, मातीत मिसळा.

ड्रिपर चोंदला की त्या जागी क्षार धुतलेच जात नाहीत. २ लिटर प्रतितासाच्या ड्रिपरखाली ६ मिनिटं भांडं ठेवा, २०० मिली भरलं पाहिजे. १८० च्या खाली येत असेल तर लॅटरलची (ड्रिपर बसवलेल्या नळ्यांची) टोकं उघडून धुवा. चुन्याचा थर असेल तर आम्ल प्रक्रिया करा. आम्ल पाण्यात घालायचं, पाणी आम्लात कधीच नाही.

खतांमध्ये म्युरेट ऑफ पोटॅशचं क्लोराइड आत नकोच, ०:०:५० (सल्फेट ऑफ पोटॅश) वापरा. पाळीचा पहिला तिसरा भाग साधं पाणी, मधला खताचा, शेवटचा पुन्हा साधं पाणी.

पीक निघाल्यावर कडेचा क्षार ठिबकने हलत नाही, वरूनच धुवावा लागतो. पापुद्रा खरवडून बाहेर टाका, मग झारीने किंवा मायक्रो स्प्रिंकलरने १५ सेंमी पाणी द्या. १ मीटर रुंद, ४० मीटर लांब बेडला हे ६,००० लिटर होतात. एकदम नको, २-३ सेंमीचे हप्ते पाडा, मधे पाणी मुरू द्या. हप्त्याहप्त्याने क्षार जास्त निघतात.

पाणी कुठलं? बोअरचंच क्षारट पाणी वापरून फारसं हाती लागत नाही. १,००० चौरस मीटर छपरावर ६०० मिमी पाऊस म्हणजे ६ लाख लिटर. पाचवा भाग वाया गेला तरी पावणेपाच लाख शेततळ्यात येतात. पावसाच्या पाण्याची ईसी जवळजवळ शून्य असते, म्हणून बोअरच्या पाण्यात निम्मं-निम्मं मिसळलं तरी १.२ चं ०.६ होतं.

शेडनेटमध्ये पाऊस आत येतो, तिथे उलटी काळजी घ्या. हलकी रिमझिम कडेचे क्षार धुऊन थेट मुळांकडे ढकलते. अशा वेळी पाऊस आला म्हणून ठिबक बंद करू नका. पाऊस पडत असेपर्यंत ते चालूच राहू द्या.